सोवळ्याचं टेबल

आमच्या प्रयोगशाळेत भिंतीला लागून एक टेबल होतं. त्याला सगळे 'सोवळ्याचं टेबल' म्हणायचे. नाव मॅडमनी ठेवलेलं. मॅडम म्हणजे माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक, नगरमधल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागप्रमुख. नवीन कुणी आलं की त्या हसून सांगायच्या, "इथे आरएनएचं काम चालतं. आमच्या आजीचं सोवळं असायचं ना, अगदी तसंच. इथे शिवाशिव चालत नाही." ऐकणारा हसायचा. मीही हसले होते. कर्जत तालुक्यातल्या आमच्या घरात सोवळं हा प्रकारच नव्हता. घरात होत्या दोन म्हशी, एक बैलजोडी आणि पाऊस झाला तर पिकणारी जमीन. त्यामुळे तो विनोद मला अर्धाच कळला. उरलेला अर्धा पुढे मॅडमनीच नीट समजावून दिला.

टेबल जपण्यामागचं शास्त्र मात्र खरं होतं, ते आधी सांगते. पेशीतला डीएनए म्हणजे माळ्यावर जपून ठेवलेली वस्तू, ती रोज खाली काढत नाहीत. रोजचं काम चालतं आरएनएवर. त्यातला काही आरएनए नुसता निरोप असतो, आज अमुक बनवा म्हणून. काम झालं की तो निरोप मोडावा लागतो, नाहीतर पेशी कालचाच स्वयंपाक आजही रांधत बसेल. बाकीचा बराचसा आरएनए म्हणजे प्रथिनं घडवणाऱ्या यंत्राचे भागच. हे सगळं तोडायला पेशीत विकरं असतात. शब्द जड वाटत असेल तर कात्री म्हणा. ही कात्री जिवाणूत असते, तशी आपल्या घामात, थुंकीत आणि बोटांच्या टोकांवरही असते. उघड्या बोटाने नळीचं तोंड शिवलं की दिवसभराच्या कामाचे तुकडे होतात. म्हणून हातमोजे, वेगळं पाणी आणि वेगळं टेबल.

माझा विषय या कात्रीचाच होता. जिवाणू म्हणजे एका पेशीचा जीव. त्याला भाऊबंद नाहीत की मागे उभं राहणारं कुणी नाही. त्याची कात्री मोकाट सुटली तर ती त्यालाच खाईल, म्हणून तो तिच्यावर एक प्रथिन बसवतो. ते प्रथिन कात्रीला चिकटून बसतं आणि नको तिथे तोंड घालू देत नाही. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला आमचा बैल आठवला. कोळपताना बैलाने उभ्या पिकात तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला दोरीची जाळी बांधतात, तिला आम्ही मुसकं म्हणतो. हे प्रथिन म्हणजे कात्रीचं मुसकं. मी तसं मॅडमना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "प्रबंधात मुसकं लिहिणार आहेस का?" मी लिहिणार नव्हते, पण मनात त्याला दुसरं नाव कधी आलंच नाही.

काम असं होतं. मातीत राहणारा एक जिवाणू आमच्याकडे दोन रूपांत होता. एक जसा निसर्गात असतो तसा. दुसरा पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून आणलेला. त्याच्यातून त्या प्रथिनाचं जनुक काढून टाकलेलं होतं. म्हणजे एक मुसकं असलेला आणि एक मुसकं नसलेला. दोघांना दोन चंबूंत वाढवायचं, दोघांचा आरएनए काढायचा आणि काय फरक पडतो ते बघायचं. आरएनए जेलीच्या पातळ वडीत घालून विजेवर पळवला की दिव्याखाली तो दिसतो. दोन ठसठशीत पट्टे दिसले तर आरएनए शाबूत. पट्ट्यांऐवजी वरून खालपर्यंत नुसता फराटा दिसला तर समजायचं, तुकडे झाले.

मला पहिल्याच वेळी मुसकं असलेल्याचे दोन पट्टे मिळाले आणि मुसकं नसलेल्याचा फराटा.

मॅडमनी फोटो हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "हात लागला कुठेतरी."

मी मान डोलावली. नवखी होते, लागला असेल असंच मला वाटलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. हातमोज्यांवर हातमोजे चढवले, नाकातोंडाला फडकं बांधलं, श्वास रोखून नळ्या उघडल्या. तरी मुसकं नसलेल्याचा फराटाच. मॅडम दर वेळी फोटो बघायच्या आणि दर वेळी त्यांचं बोलणं जरा जास्त मायेचं व्हायचं. रागाने बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

मधे एकदा चहा पिताना मी बोलून बसले होते, की सकाळी एका म्हशीची धार मी काढते, एकीची आई, आणि मग मी एसटी धरते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पुढच्या फराट्याला मॅडम म्हणाल्या, "अगं, तुझी चूक नाही ती. शेणामातीतले हात. पिढ्यान् पिढ्या त्यातच गेल्या. ते एका दिवसात थोडंच जाणार आहे?"

मी हातांकडे बघितलं. हातमोज्यात होते ते. पिढ्यान् पिढ्या हातमोज्यातून कशा पाझरतात हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. उत्तर दिलं ते दोन दिवसांनी, आणि तेही नम्रपणे. मी म्हटलं, "मॅडम, दोन्ही चंबूंचं काम मी एकाच बैठकीत करते. तेच हात, तेच मोजे, तेच पाणी. हात वाईट असता तर दोन्ही बिघडले असते. एकाचे पट्टे स्वच्छ कसे येतात?"

"एका वेळी नीट धुतले असशील, एका वेळी नसशील," मॅडम म्हणाल्या. प्रयोगशाळेत तेव्हा चार-पाच जण होते. ते हसले. मॅडमही हसल्या, आणि मला सगळ्यात जास्त राग याचा आला, की त्या खरोखरच गमतीने बोलत होत्या.

आणखी एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण लाज मला का वाटावी? मॅडमनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, की महिन्याच्या अडचणीच्या दिवसांत त्या टेबलावर शक्यतो बसू नकोस. "शास्त्र नाही गं हे, मलाही कळतं. पण शरीराला घाम जास्त येतो, लक्ष नसतं. मनाला बरं वाटतं म्हणून सांगते." बाई परदेशात जाऊन शिकून आलेली. तिथे असलं टेबल कोण कधी शिवतं ते कुणी विचारत असेल का, असं मनात आलं. आमच्या आईनेही मला कधी गोठ्याबाहेर बसवलं नव्हतं. म्हशीला वेळच्या वेळी मोकळं व्हायचं असतं, तिला पंचांग कळत नाही.

आईला मी हे सगळं सांगायला नको होतं. पण फराट्याचं मनात साठलं होतं, सुट्टीला घरी होते, आणि धार काढता काढता बोलून गेले. मला वाटलं, आई चिडेल. आईचा स्वभाव तसा तिखट आहे; बाजारात तोलात कमी पडलं तर काट्यासकट दुकानदार उचलेल अशी बाई. ती म्हणेल, माझ्या लेकीच्या हाताला काय धाड भरली? मी त्याचीच वाट बघत होते.

आईने चरवी खाली ठेवली. माझे दोन्ही हात धरून उजेडाकडे वळवले, तळवे बघितले, नखं बघितली.

"मॅडम उगं म्हनत्याल व्हय?" ती म्हणाली. "येवढ्या शिकल्याल्या बाई हायेत. काय तरी असंल म्हनूनच म्हनल्या."

"अगं आई, त्या जिवाणूतच..."

"तू गप. मला न्हाई कळत त्यातलं. तू आता म्हशीला हात लावू नको. शेनाला तर अजिबात न्हाई. आमी हाय की करायला. तुझं हात बिघडायला नकोत."

आणि ती मला चुलीपाशी घेऊन गेली आणि राखेने, मग लिंबाने माझे हात घासत बसली. जोरात घासत होती. लहानपणी शाळेच्या गॅदरिंगला जाताना घासायची तशी. मला रडू आलं तर म्हणाली, "झोंबतंय का? झोंबू दे, त्याबिगर निघत न्हाई." त्या दिवसापासून आमच्या घरात मला धार काढू दिली नाही, विरजण लावू दिलं नाही, शेण उचलू दिलं नाही. मॅडमनी मला एका टेबलावरून उठवायचं मनात धरलं होतं. आईने बिचारीने, माझ्या भल्यासाठी, घरातल्या सगळ्या कामांवरून उठवलं. मॅडमना मी एखादे वेळी माफ करीनही, पण माझ्या आईला माझ्या हातांची शंका यावी, हे त्यांनी केलं, ते माफ होत नाही.

सुट्टीवरून परत आले तर मॅडमनी तोडगा काढून ठेवला होता. माझ्याबरोबर आणखी एक मुलगी पीएचडी करत होती. नगरमध्येच वाढलेली, घर कॉलेजच्या मागच्या गल्लीत, आईवडील दोघं शिक्षक. स्वभावाने गरीब, बोलायला गोड. डबा खायला आम्ही एकत्र बसायचो, म्हणून तिला मी माझी सोबतीण म्हणेन. मॅडमनी जाहीर केलं की दोन्ही चंबूंचा आरएनए आता ती काढून बघेल. "म्हणजे सोक्षमोक्ष लागेल."

तिने काढला. दोघांचेही पट्टे स्वच्छ आले. मुसकं असलेल्याचे आणि नसलेल्याचेही.

मॅडमनी तो फोटो माझ्या फोटोशेजारी टेबलावर ठेवला आणि चहा मागवला. सोबतीण माझ्याकडे बघायचं टाळत होती. मला त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर वाटलं की माझ्या हातात काहीतरी आहे. एसटीत बसल्यावर मी समोरच्या सीटची दांडी धरली, मग सोडून दिली आणि हात मांडीवर उलटे ठेवून बसले.

त्याच प्रवासात मला उलगडा झाला, कर्जतच्या अलीकडे कुठेतरी. मी चंबू लावायचे दुपारी, कारण संध्याकाळची गाडी चुकली की पुढची भरवशाची नाही. आणि दुसऱ्या दिवशी पोचायचे अकराच्या पुढे. तोवर चंबूतलं खाणं संपून गेलेलं असायचं आणि जिवाणू उपाशी बसलेले असायचे. सोबतीण चंबू लावायची संध्याकाळी सावकाश आणि सकाळी उजाडताच चालत येऊन काम सुरू करायची. तिचे जिवाणू भरल्या पोटाचे. भरल्या पोटी कात्री गपच असते, मुसकं असो नसो. खरी परीक्षा उपासमारीत. तेव्हा कात्री चवताळते, आणि मुसकं नसेल तर जिवाणू स्वतःचाच आरएनए तोडायला लागतो. माझा फराटा हाताने झालेला नव्हता. तो मी नळी उघडायच्या आधी, पेशीच्या आतच झाला होता. मॅडम चोर बाहेर शोधत होत्या आणि घर आतून फुटलं होतं. मला इतका आनंद झाला की शेजारच्या बाईने विचारलं, "काय पोरी, पास झालीस का काय?"

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या केबिनमध्ये उभी राहून हे सगळं सांगितलं. गाडीच्या वेळांसकट. म्हटलं, मला फक्त एकदा करू द्या. एकाच चंबूतून सकाळी थोडं काढते, उपाशी ठेवून नंतर थोडं काढते. हातच्या काकणाला आरसा कशाला.

मॅडम कसल्याशा बिलावर सही करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे आता एसटीची चूक." मग पेन ठेवलं. "नाचता येईना अंगण वाकडं, असं करू नये. आपली मर्यादा ओळखणं हाही अभ्यासाचा भाग आहे. तुला मी दुसरं काम देते. मातीचे नमुने आण, पारनेरकडचे आण, तुमच्या कर्जतकडचे आण, त्यातले जिवाणू मोज. ते तुला जमेल. त्यात हाताचा प्रश्न येत नाही."

"आणि हे फराट्यांचे फोटो?"

"पुसून टाक. कॉम्प्युटरमध्ये जागा अडते. बिघडलेलं काम जपून ठेवायचं नसतं."

मी पुसले. मार्गदर्शकाने सांगितलं की विद्यार्थी करतो, यात माझी काही वेगळी बहादुरी नाही की वेगळा भित्रेपणा नाही. पीएचडीत मार्गदर्शकाची सही म्हणजे काय चीज असते, ते ज्याने केलंय त्याला विचारा.

मग मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून माती पाण्यात कालवायला लागले. बशीत उगवलेले ठिपके मोजायचे. काम वाईट नव्हतं. वाईट होतं ते हे, की सोवळ्याचं टेबल तिथून समोर दिसायचं. माझा विषय सोबतिणीला मिळाला होता. ती माझ्या जागी बसून माझे चंबू लावायची. मध्येच मागे वळून मला काहीतरी विचारायची, आणि मी सांगायचे. माझ्या सल्ल्याला विटाळ नव्हता, फक्त हाताला होता.

एकदा तिच्या मावसबहिणीचं लग्न निघालं, संगमनेरला. ती चंबू लावून गेली. हळद, लग्न, पूजा करून परत आली तोवर जिवाणू चांगलेच उपाशी राहिले होते. टाकून द्यायचे, तर तिने म्हटलं, आहेत तर काढून बघते. बघितलं तर मुसकं असलेल्याचे दोन पट्टे आणि मुसकं नसलेल्याचा फराटा.

मी माझ्या जागेवरून बघत होते. ती फोटो घेऊन घाबरतच मॅडमकडे गेली. मला वाटलं, आता येईल, हात लागला कुठेतरी. मी अक्षरशः कान टवकारून बसले होते.

मॅडमनी फोटो बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "हे इंटरेस्टिंग आहे गं."

त्यांनी तिला खुर्ची दिली. विचारलं, चंबू किती वेळ ठेवला होता, काय वेगळं केलं होतं. आठवड्याभरात तिने ते उपाशी ठेवून आणि न ठेवून पुन्हा करून दाखवलं. अगदी मी केबिनमध्ये उभं राहून सांगितलं होतं तसंच. मॅडमनी पेढे आणले. एक पेढा मलाही दिला आणि म्हणाल्या, "बघ, नशीब कसं असतं. लग्नाला गेली म्हणून शोध लागला." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण मी शाळेपासून ऐकत आले, पण ती फराट्यालाही लागू पडते हे मला तिथे कळलं. माझ्या हातून आला तोवर तो डाग होता. तिच्या हातून आला तर तो निष्कर्ष झाला. मी पेढा खाल्ला. भूक लागली होती.

डबा खाताना सोबतीण खाली मान घालून म्हणाली, "मी सांगितलं मॅडमना. म्हटलं, तिच्या हातून हे आधीच येत होतं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तिचं वेगळं होतं."

तिला मी दोष देत नाही. ती सांगून तरी आली. पण त्यानंतर आमचं एकत्र डबा खाणं आपोआप थांबलं. कोण आधी उठून दुसरीकडे बसलं, ते आता आठवत नाही.

पुढे मी पीएचडी सोडली. सोडली म्हणजे रीतसर राजीनामा वगैरे नाही, जायची थांबले. काष्टीजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायला लागले. घरी सांगितलं, नोकरी लागली. आईने साखर वाटली. तिला वाटलं, हाताचं काम सुटलं, तोंडाचं लागलं, बरं झालं. शिकवताना आरएनएचा धडा आला की मी तो इतक्या घाईने संपवायचे की मुलं विचारायची, मॅडम, हे परीक्षेला नाही का?

अशात एका दुपारी फोन आला. दोन तासांच्या मधली सुट्टी होती. नंबर बघून मी दोनदा वाजू दिला.

"कशी आहेस?" मॅडम म्हणाल्या. आवाजात तीच माया. इकडचं तिकडचं झालं आणि मग त्यांनी विषयाला हात घातला. त्यांनी आणि सोबतिणीने निबंध लिहून एका संशोधन नियतकालिकाला पाठवला होता. तपासणाऱ्याने अडवला. त्याचं म्हणणं असं, की हे तुकडे पेशीच्या आतच झाले कशावरून? काढणाऱ्याच्या हातून झाले नसतील कशावरून? सगळं काम एकाच व्यक्तीने केलेलं दिसतं. दुसऱ्या कुणाच्या हातूनही तेच येतं हे दाखवा.

मला मोठ्याने हसायचं होतं. जगाच्या पाठीवर कुठेतरी बसलेल्या त्या माणसाने, ज्याला आमचं टेबल माहीत नाही की आमच्या म्हशी माहीत नाहीत, मॅडमना बरोबर तेच विचारलं होतं जे त्या मला विचारायच्या. फक्त त्याने हात कुणाचा आहे हे न बघता विचारलं होतं.

"तुझे ते जुने फोटो असतील ना?" मॅडम म्हणाल्या.

"पुसले मॅडम. तुम्हीच सांगितलं होतं."

"हो का?" त्या खरंच विसरल्या होत्या. "बरं, मग असं कर, एकदा ये. तुझ्या हाताने करून दे. नाव घालू तुझं."

मी नाही म्हणायला हवं होतं, असं पुढे मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. पण मला नावाचं पडलं नव्हतं. मला तो फराटा त्या खोलीत, मॅडमच्या डोळ्यांसमोर, माझ्या हातून पुन्हा आलेला बघायचा होता. आणि तो आल्यावर मॅडमच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं, की तुझ्या हातात काही नव्हतं. ते वाक्य घेऊन मी घरी जाणार होते आणि आईला सांगणार होते. बाकी काही नको होतं.

कॉलेजात रजा टाकून गेले. सोबतिणीने चंबू तयार ठेवले होते, उपाशी ठेवलेले. ती जरा जाड झाली होती, आणि जास्तच गोड बोलत होती. मी हातमोजे चढवले आणि त्या टेबलाशी बसले. इतक्या दिवसांनीही सगळं जसंच्या तसं आठवत होतं. मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसल्या होत्या. वडी विजेवर लावली, दिवा लावला. मुसकं असलेल्याचे दोन पट्टे. मुसकं नसलेल्याचा फराटा, वरून खालपर्यंत.

"बघ!" मॅडमनी टाळी वाजवली. "तुझ्याही हातून तेच आलं. आता कुणाची बोट दाखवायची टाप नाही."

"मॅडम, माझ्या हातून हे आधीही येत होतं."

"तेव्हाचं सोड गं. तेव्हा आपल्याला काय माहीत होतं?"

त्या 'आपल्याला'त मी नव्हते. मला माहीत होतं, आणि मी केबिनमध्ये उभं राहून सांगितलंही होतं. पण आज मला भांडायचं नव्हतं. मी हातमोजे काढले आणि सरळ विचारलं, "मग माझा हात चांगला होता ना, मॅडम?"

मॅडम हसल्या. माझ्या पाठीवर थोपटलं. "अजून तेच धरून बसलीस? अगं, विज्ञानात हात कुणाचा हे कुणी बघत नाही."

निबंध नंतर छापून आला. माझं नाव त्यात आहे, दोघींच्या मधे. माझ्या कॉलेजात सत्कार झाला, नारळ दिला. आईला मी एवढंच सांगितलं की नाव छापून आलंय. ती म्हणाली, "लई झ्याक," आणि मी म्हशीकडे निघाले तशी उठून चरवी माझ्या हातातून काढून घेतली.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. त्या टेबलाचा एक नियम आहे. काम सुरू करायच्या आधी ते औषधाने पुसायचं. जो बसणार आहे त्याने, बसायच्या आधी. काम संपल्यावर कुणी पुसत नाही, कारण पुढचा आला की तो पुसणारच असतो. त्या दिवशी पुढचं कुणी येणार नव्हतं. दिवस संपला होता आणि त्या दोघीही निघायच्या तयारीत होत्या. मी पर्स उचलली, येते म्हटलं आणि दारापर्यंत गेले. मागून मॅडमचा आवाज आला. सहज, हळू, रोजच्यासारखा.

"जरा टेबल पुसून घे गं."

मी वळून बघितलं. सोबतीण फडकं हातात घेऊन उभी होती. आमची नजरानजर झाली. मग तिने खाली बघितलं, आणि मी जिथे हात टेकवले होते तिथून पुसायला सुरुवात केली.